दिवाळी अंकांची सूची: मुखपृष्ठकाराचा रकाना मार्गी लागला

जुन्या दिवाळी अंकांची सूची एक्सेलमधून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणायचं काम बरंच पुढे सरकलंय. संपादक, वर्ष, किंमत हे रकाने पटापट उरकले. वेळ खाल्ला तो मुखपृष्ठकाराच्या रकान्याने.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे मिळणाऱ्या अंकांची मुखपृष्ठं बरेचदा गेलेली असतात, श्रेयनामावलीचं पानही गायब. तिथे चित्रकार कोण ते ठाऊकच नाही, म्हणून नल, म्हणजे 'माहीत नाही' अशी डेटाबेसमधली खूण. काही अंक मात्र अगदी धड असतात, शेवटच्या जाहिरातीपर्यंत चाळले तरी चित्रकाराचं नाव कुठे छापलेलंच नसतं. तिथे रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. पहिल्या प्रकारच्या अंकाची दुसरी प्रत शोधायची. दुसऱ्यासाठी शैली ओळखणारा जाणकार गाठायचा. हा फरक मला कुठल्याही परिस्थितीत टिकवायचाय.

अडचण अशी की एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) आयात करताना एसक्यूलाइट सगळ्या रिकाम्या घरांत रिकामी स्ट्रिंगच भरतं. म्हणून आधी एक्सेलमध्येच तपासलेल्या अंकांपुढे 'नाव नाही' असा शेरा टाकला. आयातीनंतर नलइफ (दिलेली किंमत सापडली की तिचा नल करणारं फंक्शन) वापरून रिकाम्या स्ट्रिंगचे नल केले आणि मगच शेऱ्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग ठेवली. हा क्रम उलटला तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

आता गंमत बघा. काउंट या मोजणीच्या फंक्शनमध्ये रकान्याचं नाव दिलं की नल वगळले जातात, रिकाम्या स्ट्रिंग मोजल्या जातात. म्हणजे तपासून झालेले अंक किती, हे एका ओळीत कळतं!

शोधताना मात्र जपा. दीनानाथ दलाल सोडून बाकीच्यांची मुखपृष्ठं हवीत म्हणून 'बरोबर नाही' (<>) ही तुलनेची खूण वापरली, तर नल असलेले अंकही गळतात, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं. एसक्यूलाइटमध्ये तिथे 'इज नॉट' लिहावं. यादीत नसलेलं शोधणाऱ्या 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी हाती एकही ओळ लागत नाही. मी तिथे सरळ 'नॉट एक्झिस्ट्स' (जुळणारी ओळच नाही ना, हे बघणारी अट) वापरतो.

ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर सूची करणाऱ्यांना हा मार्ग नाही. तिथे रिकामी स्ट्रिंग नलच धरली जाते, त्यामुळे 'तपासलं' असा वेगळा रकाना ठेवा.

पुढचं काम: चित्रावरच्या सहीवरून ओळखलेली नावं छापील नावांपासून वेगळी ठेवायची. त्यासाठी नवा रकाना काढलाय, भरायला घेतोय.