गाडी खालून जायला लागली तेव्हा

स्वित्झर्लंडहून परत आलेल्या माणसाला आमच्या कोरेगावात पहिला प्रश्न येतो, "बर्फ बघितला का?" बघितला. पण बर्फाबद्दल लिहायला गावात दुसरे पुष्कळ आहेत. पुणे–मिरज लाईनीवर रुळांच्या देखभालीत माझी हयात गेली. आदर्कीच्या घाटात पावसाळी पेट्रोलिंगला माणसं पाठवली की ती परत येईपर्यंत ज्याला झोप लागायची नाही, असा माणूस तिकडं जाऊन काय बघणार? बोगदा! थोरली लेक झ्युरिकला असते. विमानात बसायच्या आधीच तिला सांगून ठेवलं होतं, बाकी कुठंही ने, पण गॉटहार्डचा एक दिवस माझा.

गॉटहार्ड बेस टनेल. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, ५७ किलोमीटर. साताऱ्यात आत शिरावं आणि उजेड दिसावा तो थेट कऱ्हाडच्या पुढं, एवढं अंतर. १ जून २०१६ रोजी उद्घाटन झालं. दोन वेगळी भुयारं, प्रत्येकात एकच रूळ, आणि दर सव्वातीनशे मीटरवर एका भुयारातून दुसऱ्यात जायला आडवी वाट. आग लागली तर माणसांनी शेजारच्या भुयारात पळायचं. डोक्यावर जास्तीत जास्त २३०० मीटर खडक. एवढ्या खोलीवर खडकच तापलेला असतो, खोदताना ४५ अंशांपर्यंत तापमान लागलं, म्हणून गार हवा सोडत काम करावं लागलं. आणि मला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच आहे: आल्प्स पर्वताच्या पोटातून जाणारा हा बोगदा समुद्रसपाटीपासून जास्तीत जास्त ५४९ मीटरवर जातो. आपलं सातारा शहर याच्यापेक्षा उंचावर आहे. डोंगर चढायचाच नाही, पायथ्याशी आत घुसायचं आणि पलीकडच्या पायथ्याशी बाहेर पडायचं. 'बेस' टनेल ते यासाठीच.

आम्ही झ्युरिकहून बेलिन्झोनाला निघालो. एर्स्टफेल्ड गाव खिडकीतून झर्रकन गेलं आणि काळोख झाला. ताशी २०० किलोमीटरचा वेग, पण चहाच्या कपावर तरंगही उठेना. मी रुळाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. सांधा नाही, खडी नाही, नुसती एकसुरी घरघर. मध्येच दिव्यांची एक रांग मागं गेली, ते आणीबाणीचं स्टेशन असावं. सौ. म्हणाल्या, "अहो, ह्यात बघायचं काय आहे? नुसता अंधार. एवढे पैसे अंधाराला घालवले होय?" लेक हसायला लागली. खरं सांगायचं तर प्रवासी म्हणून सौं.चं बरोबर होतं. वीसेक मिनिटांत पलीकडं बोदियोला उजेड आला आणि गावांच्या पाट्या इटालियन झाल्या.

परत येताना मात्र मी हट्टानं जुन्या लाईनीनं यायचं ठरवलं होतं. बेस टनेल झाला तरी स्विस लोकांनी वरची लाईन उखडली नाही. तिच्यावरून तांबूस रंगाची 'ट्रेनो गोत्तार्दो' गाडी जाते, निवांत, गावोगाव थांबत. बियास्का, फाइदो, आइरोलो. डोंगर चढायला या लाईनीनं दक्षिणेकडं डोंगराच्या पोटात चार ठिकाणी गोल गिरकी घेतली आहे. गाडी बोगद्यात शिरते, वळत राहते आणि बाहेर येते तेव्हा खाली आपलाच मघाचा रूळ दिसतो. पूर्वी मिलान–झ्युरिकच्या सगळ्या गाड्या इथूनच जायच्या. फलाट अजून तेवढेच लांब आहेत. चढणारे मात्र एक सायकलवाला आणि दोन म्हाताऱ्या बाया.

आइरोलोला आम्ही उतरलो. जुना गॉटहार्ड बोगदा इथून सुरू होतो, १५ किलोमीटरचा, १८८२ मध्ये सुरू झालेला. स्टेशनापाशी काशाचं एक मोठं शिल्प आहे, व्हिन्चेन्झो वेला नावाच्या तिथल्याच शिल्पकाराचं. बोगद्यात मेलेल्या एका मजुराला सोबती उचलून नेतायत. उचलणाऱ्यांच्या माना पुढं झुकल्या आहेत, ओझं खांद्यावर किती येतं ते त्या मानेवरून कळतं. कुणाच्याही चेहऱ्यावर रडणं नाही. आमच्या सेक्शनात एक गँगमन गाडीखाली गेला होता, त्याला आणताना माणसं अशीच गप्प चालली होती. मी त्या शिल्पापुढून लवकर हललो नाही. लेकीनं एकदा हाक मारली, मग तीही येऊन उभी राहिली.

त्या बोगद्यानं दोनशेच्या आसपास माणसं घेतली. स्फोट, दरडी, गाडीखाली येणं, आणि वर आतल्या घाणीतून पसरलेला हुककृमीचा आजार, त्याचे बळी वेगळेच. मजूर बहुतेक इटलीचे. १८७५ मध्ये उत्तरेच्या टोकाला ग्योशेनेनला त्यांनी काम बंद केलं, तेव्हा गोळीबार होऊन चौघे मेले. ठेकेदार लुई फाव्र हाही १८७९ मध्ये बोगद्याच्या आतच कोसळून गेला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंचे खोदणारे एकमेकांना भेटले तेव्हा भोकातून पहिल्यांदा त्याचा फोटो पलीकडं सरकवला म्हणे. हे वाचल्यावर मला आपला बोरघाट आठवला. तिथंही ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच काळात वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं ठेका पुढं नेऊन काम तडीला नेलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला, म्हणजे गॉटहार्डच्या आधी. लोणावळ्याच्या गाडीत बसून सेल्फी काढणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, ते जाऊ द्या.

बोरघाट आणि गॉटहार्ड ही माझ्या लेखी भावकीच आहे. दोन्हीकडचा चढ साधारण १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढं जायला एक मीटर वर. एर्स्टफेल्ड ते ग्योशेनेन आणि कर्जत ते लोणावळा ही अंतरंही जवळपास सारखी. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून जोडीला बँकर, म्हणजे चढापुरती जादा इंजिनं, लागतात. कर्जतला बँकर जोडायला गाडी थांबते आणि त्या थांब्यावर कर्जतचा वडा उभा राहिला. मुंबईहून कोयना एक्सप्रेसनं येताना तो खाल्ला नाही असा सातारकर मला दाखवा. एर्स्टफेल्डचं तेच होतं. गाव वाढलंच रेल्वेवर: इंजिनांची शेड, बँकर, ड्रायव्हर, फायरमन, त्यांची बिऱ्हाडं. मालगाडी आली की थांबायची, जादा इंजिन जोडायचं, मग पुढं. आता मालगाडी सपाटीवरून सरळ भुयारात शिरते. बँकर नको, थांबा नको. स्टेशनाजवळ 'मगर' म्हणून ओळखलं जाणारं एक जुनं लांब नाकाचं विजेचं इंजिन शोभेला ठेवलंय. आमच्याकडं शोभेला इंजिन ठेवलं की मला धास्ती वाटते, की आता इथला काहीतरी थांबा जाणार.

एर्स्टफेल्डनं मात्र एक गंमत केली. बोगद्यातून पाणी झिरपतं, स्वच्छ आणि कोमट. ते वाया का घालवा, म्हणून त्यावर मत्स्यपालन काढलं. बोगद्यातल्या दगडाचीही अशीच सोय लावली. सगळा मिळून २८० लाख टनांच्या वर माल निघाला. बराचसा खडी करून काँक्रीटला वापरला, आणि काही तिथल्या जवळच्या उरी तलावात टाकून पोहायला आणि पक्ष्यांना छोटी बेटं केली. रेल्वेचा माणूस म्हणून मला याचा फार हेवा वाटला. आमच्याकडं कटिंगचा माल काढला की तो कुठं टाकायचा यावर निम्मा पावसाळा जायचा.

सगळ्यांना असं जमलं नाही. बोगद्याच्या साधारण मध्यावर, वर डोंगरात सेद्रुन नावाचं गाव आहे. खोदकामासाठी तिथून ८०० मीटर खोल उभ्या विहिरी पाडल्या होत्या. गावकऱ्यांच्या डोक्यात आलं, विहीर आहेच, लिफ्ट बसवा, खाली स्टेशन करा, झ्युरिकहून माणूस थेट आमच्या दारात येईल. 'पोर्टा अल्पिना' असं नावही ठेवलं. काही वर्षं चर्चा झाली, खाली थोडी जागाही खोदून ठेवली, आणि मग खर्च आणि वेळापत्रकाच्या हिशेबात सगळं बारगळलं. दोनशेच्या वेगानं एकामागून एक गाड्या सोडायच्या तर मध्ये एक गाडी थांबवून चालत नाही, हे मला तांत्रिकदृष्ट्या पटतं. गावकऱ्यांचा रागही पटतो. ज्याच्या पायाखालून बोगदा जातो त्याला त्याच गाडीत बसायला खाली उतरून लांबचं स्टेशन गाठावं लागतं.

वेळ वाचतो तो दोन टोकांचा. मधल्यांना थांबा गमवावा लागतो. आमचं वाठार स्टेशन घ्या. एके काळी महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक रेल्वेनं वाठारला उतरायचे आणि तिथून टांग्यानं वाई, पाचगणी करत वर जायचे. मग मोटारी आल्या, पुण्याहून वाईचा रस्ता झाला आणि वाठारची ती वर्दळ गेली. बोगदा न काढताही थांबा जातो. सांगलीत स्टेशन चौक आहे, सभांना गाजलेला. तिथं स्टेशन नाही. ब्रॉडगेज आलं तेव्हा स्टेशनच हललं. पुणे–सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटात नवा जुळा बोगदा काढलाय, त्यावर मी तक्रार करणार नाही. जुन्या बोगद्यापुढच्या त्या एस वळणावर किती माणसं गेली ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

तरी माझा मुद्दा राहतोच: नवी लाईन टाका, जुनी उखडू नका. याचं उत्तर गॉटहार्डनंच दिलं. १० ऑगस्ट २०२३ ला बेस टनेलमध्ये एका मालगाडीचं चाक फुटलं आणि डबे घसरले. सुमारे सात किलोमीटर ट्रॅक खराब झाला. खडीचा ट्रॅक असता तर गँग लावून, स्लीपर बदलून, मशिननं ठोकून चटकन उभा केला असता. तिथं खडी नाही, रबराच्या बुटात बसवलेले काँक्रीटचे ठोकळे थेट काँक्रीटमध्ये बसवलेत. ते फोडून काढायचे, नवे बसवायचे, अगदी मिलिमीटरमध्ये. बोगदा पूर्ण सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. मधल्या काळात बहुतेक प्रवासी गाड्या कुठून गेल्या? वरून. ग्योशेनेन, आइरोलो, त्याच गिरक्या घेत. तासभर जादा लागला, पण गेल्या. वरच्या लाईनीवर खर्च कशाला करायचा म्हणणाऱ्यांची तोंडं वर्षभर तरी बंद राहिली असतील.

वासेनला गाडी तीन वेळा त्याच चर्चपाशी येते, एकदा वरून, एकदा बरोबरीनं, एकदा खालून. आम्ही उतरत होतो. पहिल्यांदा चर्च खाली दिसलं. दुसऱ्यांदा सौ. म्हणाल्या, "ह्यांच्याकडं सगळी देवळं सारखीच दिसतात." तिसऱ्यांदा ते डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी चढ कसा तोडतात ते हातवारे करून समजावलं. पलीकडच्या सीटवरचा माणूस आमच्याकडंच बघत होता. त्याला मराठी येत नसणार, पण मान हलवत होता.

आपल्याकडंही आता बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. तिथं एकाच मोठ्या नळीत दोन्ही रूळ आहेत. मला व्यक्तिशः दोन नळ्या बऱ्या वाटतात, एकीत काही झालं तर दुसरी हाताशी असते. पण खाडीखालून दोन नळ्या नेण्याचा खर्च कुणी करायचा, हा हिशेब माझ्या पगाराच्या बाहेरचा आहे. भाच्यानं विचारलं, "मामा, मग आपल्याला त्याचा उपयोग काय?" म्हटलं, वापीला पाहुणे असतील तर आहे.

ग्रुप टूरनं जाणारे बहुतेक जण गॉटहार्ड बसनं, रस्त्याच्या बोगद्यातून ओलांडतात. जमलं तर एक दिवस टूर मॅनेजरकडून सोडवून घ्या. जाताना खालून जा, येताना वरच्या गाडीनं या आणि आइरोलोला उतरा. पुढची गाडी तासाभरानं असते, तेवढ्यात शिल्प बघून कॉफी होते. खायचं मात्र घरून बांधून न्या. स्टेशनावर वडा मिळत नाही आणि सँडविचची किंमत रुपयात मोजायची नसते.