दाढ काढली, आता इम्प्लांट की ब्रिज? आधी शेजारचे दात बघा

खालची पहिली मोठी दाढ सहाव्या-सातव्या वर्षीच येते, त्यामुळे बहुतेकांची तीच आधी किडते आणि आधी काढावी लागते. मग इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कॅप) की ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात), हा प्रश्न येतो आणि बोलणं सुरू होतं ते खर्चापासून. माझ्या मते ते रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांपासून सुरू व्हायला हवं.

ब्रिज बसवायचा तर हे दोन्ही दात कॅपसाठी घासावे लागतात: चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर, कडेने साधारण एक ते दीड. गेलेलं एनॅमल परत येत नाही. घासलेल्या काही दातांची नस पुढे दुखावते आणि रूट कॅनाल करावं लागतं. म्हणून शेजारचे दात धडधाकट असतील तर त्यांना हात लावू नये, इम्प्लांटच करावं. पण त्यांना आधीच रूट कॅनाल झालेलं असेल, मोठं सिमेंट भरलेलं असेल, म्हणजे कॅप लागणारच असेल आणि मुळं घट्ट असतील, तर ब्रिजच शहाणपणाचा. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं, शस्त्रक्रिया टळते.

ब्रिज बिघडतो तो बहुधा कॅपच्या कडेला. तिथे अन्न अडकतं, आतला दात किडतो आणि रूट कॅनाल झालेलं असेल तर दुखतही नाही. तिन्ही दात एकसंध असल्याने साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून आत जात नाही. सुपरफ्लॉसचं कडक टोक किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश खोट्या दाताखालून रोज फिरवावाच लागतो. एका बाजूचं सिमेंट सुटलं तर ब्रिज दुसऱ्या बाजूला टिकून राहतो आणि सुटलेला दात आत गुपचूप कुजत जातो. चावताना ब्रिज किंचित हलला किंवा खालून घाण वास आला, तर लगेच दाखवा.

इम्प्लांटचं सगळं गणित हाडाचं. सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) हाडाची रुंदी आणि खालच्या जबड्यातल्या नसेपर्यंतचं अंतर मोजतात; स्क्रूचं टोक आणि नस यांत निदान दोन मिलिमीटर जागा सोडतात. शेजारच्या मुळापासून दीड मिलिमीटर. भोक पाडताना सलाईनचं पाणी सतत सोडतात, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरतं आणि स्क्रू धरत नाही. नंतर खाली साधारण दोन-तीन महिने, वर त्याहून थोडं जास्त थांबून कॅप बसवतात. दाढ काढून वर्षानुवर्षं झाली असतील तर हाड अरुंद झालेलं असतं, शेजारचा दात रिकाम्या जागेत कललेला असतो, वरची दाढ खाली उतरलेली असते; मग हाड भरणं वगैरे कामं वाढतात. लांबवू नका.

तंबाखू, मिश्री, विडी चालू असेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका खूप वाढतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट करतच नाहीत. जबडा वाढतो, स्क्रू जागचा हलत नाही आणि दात आत राहिल्यासारखा दिसतो.

इम्प्लांट केलंत तर कंपनीचं नाव, स्क्रूचा व्यास आणि लांबी लिहून घ्या. कॅपखालचा छोटा स्क्रू कधी सैल होतो. तो घट्ट करायची किल्ली कंपनीगणिक वेगळी असते, आणि गाव बदललेलं असेल तर नव्या डॉक्टरांना त्या कागदाशिवाय अंदाजानेच काम करावं लागतं.