शंभर घनमीटर खडकातले दोन घनमीटर पाणी

भारत कृषिप्रधान देश आहे हे शिकवताना आपण मुलांसमोर नद्यांचा आणि पर्जन्यमानाचा नकाशा उलगडतो. मात्र या देशातील निम्म्याहून अधिक ओलीत ज्या पाण्यावर होते, ते विहिरींचे आणि विंधन विहिरींचे पाणी त्या नकाशावर कुठेच दिसत नाही. जगात सर्वाधिक भूजल भारत उपसतो आणि त्यातील सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला जाते. त्यामुळे आपल्या शेतीचा भूगोल समजून घ्यायचा असेल, तर आभाळाइतकेच जमिनीखाली पाहावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे मत पुरंदर तालुक्यात नव्याने खोदलेल्या एका विहिरीच्या काठावर उभे असताना पक्के झाले. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा, मांजऱ्या म्हणतात तो खडक आणि सर्वांत खाली, पहार मारली तर ठिणगी उडेल असा काळा पाषाण. मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या वरच्या भेगांतून पाणी पाझरत होते, पण अखंड पाषाण मात्र कोरडा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेल्या या बेसाल्टने महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग व्यापला आहे, आणि या खडकात पाणी राहते ते केवळ झिजलेल्या भागात, भेगांत आणि सांध्यांत.

भूजलाचा अंदाज बांधताना वापरल्या जाणाऱ्या प्रचलित निकषांनुसार, झिजलेल्या बेसाल्टच्या १०० घनमीटर आकारमानातून सुमारे २ घनमीटर पाणी उपसता येते, तर तेवढ्याच वाळूमिश्रित गाळातून सुमारे १६ घनमीटर. गंगेच्या मैदानात असा गाळ शेकडो मीटर खोल आहे. आपल्याकडे मात्र पाणी धरणारा थर बहुतेक ठिकाणी काही मीटरांचाच असतो. एका हेक्टरखालची पातळी पावसाळ्यात १० मीटर वाढली, तर शेतकऱ्याला विहीर तुडुंब भरल्याचे समाधान मिळते. पण दोन टक्क्यांच्या हिशेबाने ते पाणी त्या हेक्टरभर पसरले, तर त्याची उंची जेमतेम २०० मिलिमीटर भरते. उसाला पावसाखेरीज ढोबळ मानाने १५०० मिलिमीटर पाणी द्यावे लागते असे धरले, तर एका हेक्टर उसासाठी सात-आठ हेक्टरांखालची भरलेली विहीरपातळी तळापर्यंत रिकामी करावी लागेल. उलट रब्बीची ज्वारी भारी काळ्या जमिनीतील ओलीवर बऱ्याच अंशी निभावून नेते. ज्वारीला मागासलेले पीक समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

केवळ पाऊस पुरेसा नसतो, हे कोकणाइतके स्पष्ट कोणी दाखवत नाही. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी जांभ्यात मुरलेले पाणी तीव्र उतारांवरून झऱ्यावाटे समुद्राकडे निघून जाते आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांवर टँकर जातो. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतील माण आणि सांगोल्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. आणि त्याच राज्यात तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्याने रावेर-यावलच्या केळीला वर्षानुवर्षे पाणी पुरवले आहे. तेथेही उपसा इतका वाढला की पातळी खोल गेली, ही गोष्ट वेगळी लिहिण्याजोगी आहे.

पंजाबात गाळ खोल आहे, पण भाताच्या उपशाने तेथील भूजलही वार्षिक पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक वेगाने संपते आहे, म्हणून २००९ मध्ये लावणी लांबवण्याचा कायदा करावा लागला. पंजाबची साठवण मोठी असल्याने चूक उघड व्हायला दशके गेली. बेसाल्टमध्ये ती पुढच्याच फेब्रुवारीत उघड होते. माझ्या दृष्टीने हा आपला फायदा आहे. आपला साठा वर्षभराचा असल्यामुळे दर वर्षी नव्याने हिशेब मांडण्याची संधी मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ती साधली: पाऊस मोजायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यात रब्बीची पिके ठरवायची आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही. त्याआधी १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावच्या माळावर पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. त्यात जमिनीच्या नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर पाण्याचा वाटा ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य ठेवला गेला.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यात पावसाळा संपल्यावरची ऑक्टोबरची मोजणीही असते. मे आणि ऑक्टोबरच्या पातळ्यांतील फरकाला गावाच्या क्षेत्राने आणि दोन टक्क्यांनी गुणले की आपल्या हाती काय आहे याचा ढोबळ आकडा मिळतो. रब्बीचे बियाणे घरात येण्याआधी तो आकडा प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, एवढीच माझी मागणी आहे.