दुकानासाठी लिनक्स निवडताना आधी प्रिंटर बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले दुकानदार, छोटे ऑफिसवाले सगळे एकच विचारतायत की पीसी तर मस्त चालतोय, मग नवीन घ्यायचा कशाला. रास्त प्रश्न आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पायजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, आणि आपल्याकडं दुकानांमधे अजून चौथ्या, सहाव्या जनरेशनची मशीनं आरामात काम करतायत. पैसे भरून जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण व्यवसायासाठी घ्यायचे तर पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकावी असं मला मनापासून वाटतं आणि मामांच्या कराडच्या हार्डवेअर-पेंटच्या दुकानात आम्ही तेच केलंय, त्या अनुभवावरनं लिहितोय.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यामुळं लोक सुरुवातच करतात "उबुंटू चांगलं का मिंट" अशी. मी म्हणतो ते राहू दे बाजूला, आधी एक कागद घ्या आणि दुकानात कोण कुठल्या मशीनवर काय करतं ते लिहा, मशीनला काय काय जोडलंय ते लिहा, सिस्टिम कुठली घ्यायची ते निम्मं त्या कागदावरच ठरतं.

यात सगळ्यात महत्त्वाचा प्रिंटर. खरंच सांगतो, लिनक्सवर जाऊन परत विंडोजवर आलेली जी दुकानं मला माहितीयत त्यांचं बहुतेकांचं प्रिंटरवरनंच बिनसलंय. एचपीचे लेझर बहुतेक सगळे चालतात, त्यांचं एचपीलिप नावाचं पॅकेज मिंट-उबुंटूमधे आधीपासूनच असतं, फक्त १०२० सारख्या जुन्या मॉडेलला त्याच्यावर एक प्लगिन लागतं आणि ते उतरवायला एकदा इंटरनेट लागतं, म्हणून सेटअप करताना नेट चालू ठेवा. कॅनॉनचा एलबीपी२९००, जो आपल्याकडं झेरॉक्सवाल्यापासून सीएच्या ऑफिसपर्यंत दिसतो, तो कॅप्ट नावाच्या कॅनॉनच्या स्वतःच्या भाषेत बोलतो त्यामुळं त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं जरा खटपटीचं आहे, जमतं, पण ज्याला टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, सवय नाही त्यानं एकट्यानं त्या वाटेला जाऊ नये. बिलाचा छोटा थर्मल प्रिंटर असेल तर कंपनीच्या साईटवर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते आधीच बघून ठेवा. बारकोड स्कॅनरची मात्र काही काळजी नाही, तो कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, लावला की चालू.

हे सगळं इन्स्टॉल न करता तपासता येतं हे खूप जणांना माहितीच नसतं. पेनड्राइव्हवर मिंट टाकायचं, त्यावरनं मशीन चालू करायचं, हार्डडिस्कला हात न लावता प्रिंट काढून बघायची, वायफाय बघायचं, बँकेची साईट उघडून बघायची. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा निवांत करा. जे पेनड्राइव्हवरनं चालतं ते इन्स्टॉल केल्यावर सहसा चालतंच.

दुसरी गोष्ट टॅली. टॅलीप्राइम विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे. वाइन हे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन वापरून ते लिनक्सवर चालवायचे व्हिडिओ नेटवर दिसतात, पण हिशोबाच्या बाबतीत असला जुगाड मी कुणाला सुचवणार नाही, मार्च एंडला अडकलं तर कोण निस्तरणार? आमच्याकडं एक मशीन विंडोज ११ चं ठेवलंय, अकाउंटंट येतात ते त्यावरच बसतात, आणि काउंटरवरची बिलिंग ब्राउझरमधे होते म्हणून काउंटरची मशीनं लिनक्सवर नेता आली. तुमची काउंटरची बिलंच थेट टॅलीमधनं निघत असतील तर तूर्त काउंटरला हात लावू नका, गोडाऊनचं आणि ऑफिसचं मशीन आधी बदला. सगळं एका झटक्यात बदलायला पायजे असं कुणी सांगितलंय? ज्यांना टॅली सोडायचंच आहे त्यांनी ईआरपीनेक्स्ट हे हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर बघावं, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स आहे आणि जीएसटीची सोय आहे त्यात, पण ते बसवणं हा वेगळा मोठा विषय आहे.

जीएसटी पोर्टल ब्राउझरमधे चालतंच. मालकीची फर्म असेल तर रिटर्न ओटीपीवर जातं, कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन लागतो, मग त्या टोकनचं काम विंडोजच्या मशीनवरच ठेवा म्हणजे डोक्याला ताप नाही.

आता सिस्टिम कुठली. मी फक्त एक बघतो, की अपडेट किती वर्षं मिळणार आणि ती चालवणारे मधेच हात वर तर करणार नाहीत ना. फेडोरा मला स्वतःला फार आवडतं, पण दर सहा महिन्यांनी नवीन येतं आणि एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, दुकानात दरवर्षी कोण ते उठाठेव करत बसणार. सेंटओएस या सर्व्हरवरच्या लिनक्सचं तर उदाहरणच आहे, सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट धरून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मधे जाहीर झालं की २०२१ च्या शेवटी बंद. त्यातनंच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स निघाले आणि दोन्ही चांगले आहेत, पण ते सर्व्हरसाठी, काउंटरला नकोत. भारतीय म्हणून काही जण सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स विचारतात, ते डेबियन या लिनक्सवरच बेतलेलं आहे, पण अडल्यावर नेटवर उत्तरं शोधायला उबुंटू-मिंटची जितकी सापडतात तितकी त्याची सापडत नाहीत.

आम्ही लिनक्स मिंट २२ घेतलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं. ते उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ, त्यामुळं काउंटरवरच्या ताईंना वेगळं असं शिकवावं लागलं नाही. चार जीबी रॅमवर चालतं, आठ असेल तर उत्तमच, आणि जुनी हार्डडिस्क असेल तर तेवढी काढून एसएसडी टाका, फरक लगेच कळतो. काउंटरच्या युजरला अॅडमिनचे अधिकार देऊ नका, पासवर्ड मालकाकडं आणि घरातल्या अजून एकाकडं.

मराठीचं सांगतो कारण हे कुणी लिहीत नाही. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात, आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज टाकलं की झालं, आणि मुक्त (Mukta) नावाचा फाँट टाका, मुंबईच्या एक टाइप (Ek Type) या फाँट बनवणाऱ्यांनी केलेला आहे, फुकट आहे आणि कोटेशनवर देखणा दिसतो. पण जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतीदेवमधे असतील तर ती युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारं टायपिंग, नाहीत, ती आधी कन्व्हर्ट करून घ्या, नाहीतर उघडल्यावर सगळी विचित्र अक्षरं दिसतील आणि ताई घाबरतील. एक्सेलच्या साध्या रेटलिस्ट मिंटमधल्या लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधे नीट उघडतात, मॅक्रो असलेल्या फाइल मात्र एकेक उघडून तपासा.

बॅकअपबद्दल एकच, मिंटमधे टाइमशिफ्ट येतं ते सिस्टिमची प्रत ठेवतं, तुमच्या फाइलींची नाही! होम फोल्डर ते मुद्दाम वगळतं. बिलं, कोटेशनं, फोटो यांच्यासाठी वेगळी हार्डडिस्क आणि वेगळा बॅकअप पायजेच, आम्ही रोज दुकान बंद करायच्या आधी आरसिंक या फाइली कॉपी करायच्या प्रोग्रामनं घेतो.

आता एक जुनं मशीन रिकामं झालंय, त्यावर डेबियन १३ टाकून सांबा या नेटवर्कवर फाइली शेअर करायच्या सॉफ्टवेअरनं शेअर्ड फोल्डर करायचाय म्हणजे विंडोजवाला अकाउंटंटचा पीसी आणि मिंटवाला काउंटर एकाच ठिकाणच्या फाइली बघतील, तेवढं दिवाळीच्या स्टॉकचं काम संपलं की घेतो हातात.