परातीतलं क्षितिज

पुण्याहून शेवगावमार्गे पैठणला जाणारी एसटी. मांडीवर लाकडी पेटी. कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, "बाजाची पेटी का?" आत होता सेक्स्टंट, जहाजावरचं कोन मोजायचं यंत्र. तसं म्हणालो असतो तर अख्ख्या बसला व्याख्यान द्यावं लागलं असतं. "हो," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पेटी मामांची. विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला हा माणूस मालवाहू जहाजांवर गेला, तीस वर्षं समुद्र तुडवला आणि निवृत्तीनंतर पुन्हा पैठणजवळच्या शेतात येऊन ऊस लावू लागला. सेक्स्टंट मात्र बारा वर्षं आमच्या माळ्यावर. या जानेवारीत फोन आला, "ते यंत्र घेऊन ये. मेच्या आधी ये, मे महिन्यात जमायचं नाही." का जमायचं नाही, ते तिथे गेल्यावर कळलं.

पहिला दिवस नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर गेला, आणि फुकट गेला. सेक्स्टंटचं काम एकच: क्षितिज आणि सूर्य यांच्यातला कोन मोजणं. एका आरशातून सूर्य खाली उतरवायचा आणि क्षितिजरेषेवर टेकवायचा. पण त्यासाठी क्षितिज खरं लागतं. "समोर काय दिसतंय?" मामांनी विचारलं. पाणी, मग धुरकट पट्टा, आणि त्यात बाभळी. "बाभळी दिसल्या की ते क्षितिज नव्हे, काठ." उभ्या माणसाच्या डोळ्यापासून पाण्याचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. जायकवाडीचं पाणी कितीही अफाट वाटलं, तरी समोरची किनार मध्ये आली की सगळा हिशेब चुकतो.

मग जुना उपाय. क्षितिज नसेल तर ते घरी तयार करायचं. द्रव पदार्थ आपोआप सपाट होतो. त्यात सूर्याचं प्रतिबिंब जितकं खाली दिसतं, तितकाच खरा सूर्य वर असतो. दोघांमधला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. पूर्वी यासाठी पारा वापरत. आम्ही परातीत पाणी घेतलं. वाऱ्याने सूर्याचे शंभर तुकडे झाले. मामी ओट्यावरून म्हणाल्या, "काकवी घ्या की, ती काय हलते?" शेजारच्या गुऱ्हाळातून दोन लिटर काकवी आली, फडक्याने गाळली, परातीत ओतली. काळीभोर, जड, आरशासारखी. पाच मिनिटांत मुंग्या आणि दहाव्या मिनिटाला माश्या.

मेची भानगड इथे कळली. सेक्स्टंटचा कमानीसारखा भाग वर्तुळाचा सहावा हिस्सा, 60 अंशांचा. आरशांमुळे तो 120 अंश मोजतो. परातीत कोन दुप्पट होतो, म्हणजे सूर्य 60 अंशांच्या वर गेला की यंत्राचा हात टेकला. मे महिन्यात तर पैठणला सूर्य डोक्यावरच येतो, सावली पायाखाली गायब.

26 जानेवारी. शाळेतून झेंडावंदनाचा लाऊडस्पीकर. घड्याळात बारा वाजले तेव्हा मी उठायला लागलो, तर मामांनी बसवलं. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, पैठण 75.38 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून साडेअठ्ठावीस मिनिटं उशीर. शिवाय जानेवारीअखेर सूर्य स्वतःच बारा-साडेबारा मिनिटं मागे असतो. खरी माध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असण्याची वेळ, 12:41 ला.

शेवटची पाच मिनिटं विलक्षण. काळ्या काचांतून दोन सूर्य दिसतात, एक आकाशातला, एक काकवीतला. यंत्राचा ड्रम, म्हणजे कोन बदलायची चकती, फिरवत दोन्ही बिंबं एकमेकांना टेकवायची. ती हळूहळू दूर जातात, पुन्हा टेकवायची. मग एका क्षणी दूर जाणं थांबतं. सूर्य टांगल्यासारखा. "आता वाच." 103 अंश 18 कला. (साठ कलांचा एक अंश.)

वहीत मामांनी मांडलं: यंत्राची स्वतःची चूक 4 कला वजा, निम्मे केले, 51 अंश 37 कला. बिंबाच्या कडेचं मोजलं म्हणून 16 मिळवल्या, हवेत किरण वाकतो म्हणून 1 वजा. नव्वदातून गेले, उरले 38 अंश 8 कला. त्यातून त्या दिवशीची सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला आहे ते, 18 अंश 41 कला, वजा. ही जहाजाच्या पंचांगातून, म्हणजे नॉटिकल अल्मनॅकमधून. उत्तर आलं 19 अंश 27 कला, आमच्या शेताचा अक्षांश. मोबाइल म्हणाला 19 अंश 29 कला.

दोन कला म्हणजे दोन सागरी मैल, पावणेचार किलोमीटर. आमचं शेत तेवढं दक्षिणेला सरकलं होतं. बांधावरून बघणारे शेजारचे नाना म्हणाले, "काय मोजू राह्यले? आमच्या हद्दीत तर नाही आले ना?" मामा हसले. "नाना, समुद्रात एवढं चालतं. बांधावर चार बोटांसाठी कोर्टात जातो आपण."

रेखांशाचा विषय निघाला तेव्हा आणखी एक गंमत कळली. आपल्या जुन्या ज्योतिर्गणिताची शून्य रेषा उज्जैनवरून जाते. ती सरळ खाली आणली तर जवळजवळ बीडवरूनच जाते. पैठणपासून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला. ग्रीनिचचं नाव पाठ असलेल्या मला बीडचं माहीत नव्हतं.

संध्याकाळी सव्वासातला अंगणात ध्रुव पाहिला. इथे तो फार खाली, जमिनीपासून जेमतेम वीस अंश, म्हणजे जवळपास अक्षांशाइतकाच. मामांनी हात पुढे ताणून वीत उभी धरली: करंगळी क्षितिजावर, अंगठा ध्रुवापाशी. ध्रुव काही नेमका ध्रुवबिंदूवर नसतो, अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला असतो. त्या वेळी तो नेमका वरच्या बाजूला होता. नानांची सात वर्षांची नातही वीत लावायला आली. मला वाटलं, हिची वीत पुरायची नाही. पुरली. वीत लहान, पण हातही आखूड, कोन तोच.

"परात द्या आता," मामी आतून ओरडल्या. परातीत मुंग्या, दोन मेलेल्या माश्या आणि तळाशी काकवी. ती म्हशीच्या आंबोणात गेली.