राजवाड्यावर दोन दिवस

इंदूरला उतरल्यावर मी रिक्षावाल्याला नुसते ‘राजवाडा’ असे सांगितले, तेव्हा त्याने मागे वळून विचारले, “राजवाडे पे कहाँ, भिया?” हा प्रश्न मला त्या वेळी विचित्र वाटला, कारण माझ्या डोळ्यांसमोर होळकरांची सात मजली इमारत होती आणि इमारतीवर कुठे जायचे याला एकच उत्तर असू शकते, अशी माझी समजूत होती. त्याला मात्र सराफा, बर्तन बाजार, कापडाचे मार्केट, खजुरी बाजार यांपैकी नेमके काय हवे ते जाणून घ्यायचे होते. तीन पिढ्यांपासून इंदूरकर असलेल्या माझ्या आत्याच्या बोलण्यातही ‘राजवाड्यात’ असा शब्द कधी येत नाही. ती ‘राजवाड्यावर’ जाते आणि येताना उदबत्ती, ब्लाउजपीस किंवा कल्हई केलेले पातेले घेऊन येते. वाड्याच्या आत ती शेवटची कधी गेली होती, हे तिला आठवत नाही.

चौकात उभे राहून वाडा पाहिला, की सर्वप्रथम नजरेत भरते ती त्याची उंची आणि नंतर त्याचा सांधा. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे असल्यामुळे, तिसऱ्या मजल्यापर्यंत किल्ल्यासारखी वाटणारी ही वास्तू तिथून पुढे एकदम सागवानी वाड्याचे रूप घेते. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्याला उभारलेला हा वाडा तीन वेळा आगीत सापडला. पहिली आग पुण्याच्या वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. १८०१ च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने यशवंतराव होळकरांचा पराभव करून इंदूर लुटले आणि जाळले, आणि बरोबर वर्षभराने, १८०२ च्या दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित सैन्याचा धुव्वा उडवला. आमच्याकडे ती लढाई शाळेत पुण्याच्या बाजूने शिकवली जाते. तिच्या आधीचे जळलेले इंदूर पाठ्यपुस्तकात मला तरी भेटले नव्हते. दुसरी आग १९०८ ची, आणि तिसरी १९८४ च्या दंगलीतली. या शेवटच्या आगीत मागचा बराच भाग गेला आणि दर्शनी भाग वाचला. पुढे उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने जुन्या पद्धतीनेच फेरबांधणी होऊन २००७ मध्ये वाडा पुन्हा उभा राहिला.

समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांची राजधानी महेश्वरला होती. इंदूर राजधानी झाले ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. तरीही शहराने त्यांना इथेच, भर बाजारात आणून बसवले आहे, आणि मला ते योग्यच वाटले. बागेच्या कठड्यावर दोन वृद्ध गृहस्थ मराठीत पेन्शनविषयी बोलत होते. त्यांच्या मराठीत ‘फिर’ आणि ‘मतलब’ इतके सहज मिसळले होते, की थोड्या वेळाने मला माझीच मराठी कोरडी वाटू लागली.

आत्याच्या मते राजवाडा पाहायचा तो सणाला. होळीला वाड्यासमोर ‘सरकारी होळी’ पेटते. रंगपंचमीला गेर निघते, म्हणजे टँकर, पंप आणि गुलालाच्या तोफा घेऊन ट्रकांच्या रांगा चौकातून जातात. त्या दिवशी वाड्याच्या दर्शनी भागावर ताडपत्र्या चढवाव्या लागतात. मी जानेवारीत गेल्यामुळे यातले काहीच पाहिले नाही. मात्र अनंत चतुर्दशीच्या झांक्यांविषयी ऐकताना मी वही काढली. कापडगिरण्यांचे कामगार आपापल्या गिरणीचे विद्युत रोषणाईचे देखावे रात्रभर या भागातून मिरवतात. ही परंपरा शंभर वर्षांची आहे आणि गिरण्या केव्हाच बंद झाल्या आहेत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपये मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत पगार नव्हता, तरी वर्गणी काढून आणि इकडून तिकडून मदत मिळवून झांकी मात्र निघत राहिली. आत्याच्या शेजारचे काका त्याच मिलमध्ये होते. “मिल बंद झाली म्हणून गणपती बंद होतो का?” एवढेच ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

रात्री नऊनंतर सराफ्यात गेलो. दागिन्यांच्या दुकानांची शटरे पडत होती आणि त्याच ओट्यांवर कढया मांडल्या जात होत्या. भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसलेला कोवळा मका तुपात परतून, दुधात शिजवून, वर लिंबू पिळून दिलेला, मी दोनदा घेतला. गराडू हा कोनफळाच्या जातीचा कंद फक्त थंडीतच मिळतो. विक्रेत्याने आधी तळून ठेवलेले तुकडे पुन्हा कढईत सोडले, कडा तांबूस होताच झाऱ्याने निथळून काढले, मसाला भुरभुरला आणि द्रोण हातात देताना “जळेल, थांबा” असे चक्क मराठीत बजावले. मी थांबलो नाही. टाळू दोन दिवस हुळहुळत होती. भल्यामोठ्या जिलबीचे कौतुक पर्यटकच अधिक करतात, असे माझे मत झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चौक गाठावा लागला, कारण आत्याने सांगितलेले तांब्याचे ताम्हन घ्यायचे मी खाण्याच्या नादात विसरलो होतो. रस्ते झाडून झाले होते, बाजार उघडायला अवकाश होता, म्हणून पोहे घेतले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीतले ते वाफाळते पोहे, त्यांतली बडीशेप, वरची शेव आणि जिरावन हा मसाला, आणि सोबत जिलबी. ओल्या खोबऱ्याची सवय असलेल्या माणसाला पहिला घास परका लागतो, दुसरा लागत नाही.

ताम्हन बर्तन बाजारात मिळाले. त्या दुकानापासून वाड्याचा एक कोपराही दिसत नव्हता. घरी आल्यावर आत्याने ते उलटे करून पाहिले, बोटाने वाजवले आणि विचारले, “राजवाड्यावरूनच घेतलंस ना?”

“हो,” मी म्हणालो, “राजवाड्यावरूनच.”