पोळीचे तुकडे आणि कुरणशाळा

आमची लेक चौथीत आहे, परवा गणितात 20 पैकी 11 मिळाले म्हणून पेपर दप्तराच्या तळाशी लपवून ठेवलेला सापडला आणि माझ्या पोटात अगदी कालवलं. ओरडायला तोंड उघडलं होतं पण तिचा चेहरा बघून गप्प बसलो. अपूर्णांक जमत नाहीत म्हणे. मग रात्री जेवताना पोळी घेऊन बसलो दोघं, अर्धी, मग पाव, मग पावाची अर्धी असं करत करत तीच म्हणाली, बाबा, दोन अष्टमांश म्हणजे एक पावच की! तुपाच्या बोटांनी लगेच वहीत काढलं, पानावर डाग पडलाय, राहू दे.

तेव्हापासून बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ सारख्या आठवतात. 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला लहान मुलांना शिकवायचं काम सुरू केलं, पुढे तिथल्याच कोसबाडला वारली आदिवासींची मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत येईनात, तर यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मुलांना दोष नाही दिला, हे मला फार मोठं वाटतं.

आम्ही दोघांनी आता ठरवलंय, रोज एक तास अभ्यास, पाढे पाठ हवेतच त्यात सूट नाही, पण संध्याकाळचं खेळणं कुठल्याही क्लाससाठी बंद करायचं नाही आणि घरातलं एक काम तिचं. सध्या मटार सोलायचं काम आहे, काल दाणे तीन-तीनच्या ढिगात मांडून मोजत बसली होती.